टेकडीवरचा त्रिकोण: इंदूर ते कल्याणपूर, चार दिवस

आमच्या मामांकडे एक जुनी टोपोशीट आहे, म्हणजे सर्व्हेचा नकाशा, एक इंचाला एक मैल ह्या मापाची, कापडावर चिकटवलेली, घड्यांवर झिजून पांढरी पडलेली. मामा सिंचाई विभागात ओव्हरसियर होते, रिटायर होऊन बारा वर्षं झाली पण ती शीट त्यांनी कपाटात मामींच्या शालूशेजारी ठेवलीय. तिच्यावर कुठल्याकुठल्या डोंगराच्या माथ्यावर बारीकसा त्रिकोण छापलेला आहे, मधे टिंब, बाजूला उंचीचा आकडा. म्हणजे तिथे कधीतरी सर्व्हेवाल्यांनी थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, लावलं होतं आणि दगडात खूण कोरून ठेवली होती, एक गोल आणि गोलाच्या मधोमध एक टिंब. वाट नसलेल्या टेकडीवर चढायचं आणि ती खूण शोधायची, गेली तीन वर्षं माझा, मामेभावाचा आणि गुडघे साथ देतील तेवढा मामांचा हाच उद्योग चाललाय. यंदा फेब्रुवारीच्या शेवटी सलग चार दिवस मिळाले, तेव्हा ठरवलं की पहिल्या दिवशी घराजवळची एक राहिलेली टेकडी करायची आणि मग थेट सिरोंजजवळच्या कल्याणपूरला जायचं.

पहिला दिवस, शुक्रवार

खंडवा रोडनी सिमरोल सोडलं की भेरूघाट लागतो. तिथून डावीकडे जंगलात शिरायचं होतं. वनखात्याच्या नाक्यावर आदल्याच दिवशी जाऊन सांगून आलो होतो, हे मी प्रत्येकाला सांगते कारण न विचारता जंगलात घुसणं बरोबर नाही, आणि महूच्या बाजूला तर लष्कराची जमीन कुठे सुरू होते ते कळत पण नाही, तिकडे नकाशा हातात धरून फिरूच नये.

टेकडीला नाव नाही, शीटवर फक्त त्रिकोण आणि आकडा. मामा आमच्याबरोबर चढणार नव्हते, ते गाडी घेऊन जानापावला गेले. जानापाव आपल्या इंदूरच्या लोकांना परशुरामाच्या देवळामुळे आणि कार्तिकी पौर्णिमेच्या जत्रेमुळे माहीत असतं, चंबळ तिथूनच निघते, ८५४ मीटर उंची आहे आणि मुख्य म्हणजे वरपर्यंत गाडी जाते. आमच्या टेकडीपासून सरळ रेषेत अंदाजे १८ किलोमीटर. बेत असा होता की मामांनी तिथून आरशानी उन्हाचा कवडसा आमच्याकडे पाठवायचा आणि आम्हाला तो दिसतो का बघायचं.

हे काही आमचं डोकं नाही. जुन्या सर्व्हेत असंच करायचे. एका टेकडीवर थिओडोलाइट, आणि दुसरीवर एक खलाशी, म्हणजे सर्व्हेतला मदतनीस, हेलिओट्रोप घेऊन बसलेला, म्हणजे आरसाच, पण नेम धरायची सोय असलेला. मामांनी घरीच तसा केला होता. दाढीच्या आरशाच्या मागचा पारा मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा खरवडून भोक केलं, समोर हातभर अंतरावर काठीला तारेचं कडं बांधलं. भोकातून बघून कडं बरोबर समोरच्या टेकडीवर आणायचं, मग आरसा हळूहळू असा फिरवायचा की भोकामुळे कवडशात पडणारा काळा ठिपका त्या कड्याच्या मधे येईल. तो आला की ऊन बरोबर तिकडे चाललंय. सूर्य आपल्याला अर्ध्या अंशाएवढा दिसतो, त्यामुळे कवडसा तेवढाच पसरत जातो, १८ किलोमीटरवर त्याची रुंदी दीडशे-पावणेदोनशे मीटर भरते. ऐकायला भरपूर वाटतं पण आरसा एक अंश हलला तर कवडसा दोन अंश, म्हणजे सहाशे मीटरपेक्षा जास्त बाजूला जातो, म्हणून काठी आणि कडं.

फोनला रेंज नसणार म्हणून वेळ आधीच ठरवली होती, दहापासून दर पंधरा मिनिटांनी पाच मिनिटं.

आम्ही सातला चढायला लागलो. पहिला अर्धा तास सागाची पानं पायाखाली, इतकी वाळलेली की आवाजामुळे एकमेकांशी बोलता येईना, मग पळस, अगदी भरात आलेला, आणि मग घाणेरी. ज्यांनी घाणेरीतून वाट काढलीय त्यांना काही सांगायला नको. ती उंचच असते असं नाही पण एकमेकांत अशी गुंतलेली असते की रेटून पुढे गेलं की मागची फांदी शर्ट धरून ठेवते. आम्ही नाल्याचं कोरडं पात्र धरलं, ते दोनदा कड्याखाली जाऊन थांबलं, दोनदा मागे आलो. कुसळं मोज्यातून आत. सव्वानऊला माथ्यावर.

आणि माथा सपाट. माळव्यातल्या बऱ्याच टेकड्या अश्याच, काळ्या दगडाच्या थरांच्या, वरून सुरीनी कापल्यासारख्या, सर्वात उंच जागा कुठली ते डोळ्याला कळतच नाही. मी शीटवरून त्रिकोणाचे अक्षांश-रेखांश काढून फोनमधे टाकले होते. फोननी जिथे नेलं तिथे काही नव्हतं, घाणेरी आणि एक वारूळ. पंचवीस मीटरचा घेर धरून शोधलं, मग पन्नासचा. दहा वाजले. सव्वादहा वाजले. मामा तिकडे आरसा धरून उभे असणार आणि आम्ही झुडपाच्या मागे, पश्चिम दिसतसुद्धा नव्हती.

तेवढ्यात बकऱ्यांच्या घंटा वाजल्या. एक बाबा आले, सत्तरीचे तरी असतील, खांद्यावर कुऱ्हाड. मामेभावानी विचारलं, बाबा, इधर कोई पुराना पत्थर है क्या, ऊपर गोल बना हुआ? ते म्हणाले, पत्थर तो नी है, भेरूजी हैं। आणि चालायला लागले.

शंभरेक पावलं ते आम्हाला वायव्येला घेऊन गेले. एका अंजनाच्या झाडाखाली दगडांचं छोटं वर्तुळ, मधे जमिनीत पुरलेला सपाट दगड, शेंदूर लावलेला, दोन नारळाच्या करवंट्या, एक त्रिशूळ. आम्ही बूट काढले. बाबांनी स्वतःच बोट फिरवून दाखवलं, शेंदराच्या थराखाली गोल हाताला लागत होता, आणि मधलं टिंब तर उघडंच होतं, त्यात तेल. बाबा म्हणाले तिथे तेलाचे थेंब सोडायचे असतात, त्यांच्या आजोबांपासून चाललंय. मी त्या दगडाला हात लावला नाही, लांबून फोटो घेतला, तोही विचारून. बऱ्याच ठिकाणी असे दगड लोकांनी खाली धन असेल म्हणून उखडून टाकलेत, आणि हा एक भेरूजी झाला म्हणून जागेवर राहिला. इंग्रजांच्या काळात ह्या खुणा सांभाळायचं काम त्या त्या भागातल्या अधिकाऱ्यांवर सोपवलेलं असायचं. इथे ते काम ह्या बाबांच्या घराण्यानी केलं, कोणी न सांगता, आणि मला ते फार मोठं वाटलं, अजून वाटतंय.

आता पश्चिम मोकळी होती. पावणेअकराला काही नाही, धुरकट होतं. अकरा वाजता मामेभाऊ म्हणाला दिसलं, मला दिसेना, मग मलाही दिसलं. क्षितिजावर जानापावची फिकट निळी पाठ आणि तिच्यावर एक तारा. दिवसाढवळ्या. पांढरा नाही, थोडा पिवळट, थरथरणारा, दोन सेकंद राहून विझला, परत आला. बाबांना दाखवला तर ते बराच वेळ डोळ्यावर हात धरून बघत राहिले आणि विचारलं, वहाँ कौन है? मी म्हटलं, मेरे मामा।

आम्हाला लगेच उत्तर देता येत नव्हतं, कारण सकाळी सूर्य आमच्या पाठीशी, आरसा पार तिरका धरावा लागतो आणि कवडसा जेमतेम निघतो. अश्या वेळेला जुने लोक दुसरा आरसा लावायचे. आम्ही झाडाखाली बसून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, बाबांनाही दिली, सूर्य पश्चिमेकडे कलायची वाट बघितली, आणि साडेतीनला आमच्या आरशानी सुरू केलं. संध्याकाळी गाडीत मामांनी त्यांची वही उघडून दाखवली, ३.४२, ३.४४, ३.४५, तीन वेळा दिसलं.

घरी आल्यावर मी विषय काढला की फोन शंभर मीटरपेक्षा जास्त चुकला, आपली शीटच जुनी, झिजलेली. मामा म्हणाले, "शीट चुकली नाही गं आणि तुझा फोनही चुकला नाही. दोघांचं शून्य वेगळं आहे." आणि मग जेवताना ताटात बोटानी काढून समजावलं. पृथ्वीचा आकार गणितात बसवायला एक लंबगोल धरतात. जुन्या शीटचा लंबगोल सर्व्हेवाल्या जॉर्ज एव्हरेस्टनी, ज्याचं नाव शिखराला आहे त्यानी, १८३० मधे काढलेला, तो हिंदुस्थानाला नीट बसावा असा बसवलेला, त्याचा मध्य पृथ्वीच्या मध्यावर येत नाही. जीपीएसचा लंबगोल अख्ख्या पृथ्वीला बसवलेला. त्यामुळे एकाच दगडाचे दोन पत्ते होतात आणि आपल्या इंदूरच्या भागात त्या दोन पत्त्यांमधे सव्वाशे मीटरच्या आसपास अंतर पडतं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवर २०१७ पासून फुकट मिळतात ते नवीन नकाशे जीपीएसच्या हिशोबाचे आहेत, तिथून आकडा घेतला असता तर हा घोळ झाला नसता. पण मग बाबाही भेटले नसते.

आणि ते जुनं शून्य जिथे ठोकलेलं आहे ती जागा म्हणजेच कल्याणपूर.

दुसरा दिवस, शनिवार

दिवसभर गाडी. देवासला पोहे, सीहोर, भोपाळ. भोपाळहून विदिशाच्या रस्त्यानी गेलो कारण त्या रस्त्यावर कर्कवृत्त जिथे रस्ता ओलांडतं तिथे खूण केलेली आहे, मामांना तिथे उभं राहायचंच होतं. राहिले, फोटो काढला. सांचीला थांबलो नाही, ते परत कधीतरी निवांत.

विदिशा, गंज बासोदा, आणि अंधार पडताना सिरोंज. आज हे विदिशा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, पण १९५६ पर्यंत राजस्थानात होतं, त्याआधी टोंकच्या नवाबाचं. आणि तो पहिला नवाब अमीर खान म्हणजे आपल्या यशवंतराव होळकरांचा साथीदार, त्यामुळे राजवाड्यासमोर लहानाचं मोठं झालेल्या माणसाला सिरोंज अगदीच परकं वाटत नाही. लॉजच्या मालकांनी विचारलं काम काय, मामा म्हणाले पहाडी देखनी है, त्यांनी दोन वेळा तोच प्रश्न विचारला.

रात्री मामांनी हा मोठा सर्व्हे सुरू करणाऱ्या लॅम्बटनची गोष्ट सांगितली. १८०२ मधे मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी पहिली आधाररेषा मोजली, आणि मग टेकडीवरून टेकडी, त्रिकोणाला त्रिकोण जोडत उत्तरेला. एक बाजू साखळीनी जमिनीवर मोजायची, पुढचं सगळं कोनांवर. मोठ्या थिओडोलाइटचं वजन अर्धा टन, ते टेकडीवर चढवायचं तेही माणसांनीच. १८२३ मधे लॅम्बटन वाटेतच वारला, आपल्या हिंगणघाटला, थडगं अजून तिथे आहे. मग काम एव्हरेस्टकडे आलं आणि त्यानी १८२४-२५ मधे सिरोंजला आधाररेषा मोजली, सातेक मैलांची. पुढे आजारपणामुळे विलायतेला गेला, १८३० मधे परत आला तो नवीन दांड्या घेऊन, पितळ आणि लोखंड अशी जोडलेली की उन्हानी धातू वाढला तरी दोन खुणांमधलं अंतर तेच राहील. डेहराडूनला त्या दांड्यांनी नवी आधाररेषा मोजली आणि सिरोंजहून त्रिकोणांनी आणलेलं उत्तर ताडून बघितलं तर काही फूट चुकलं. तर ह्या माणसानी १८३७-३८ मधे सिरोंजची अख्खी रेषा परत मोजली. मग फरक इंचांवर आला, शेकडो मैलांमधे.

"परत मोजली," मामा दोनदा म्हणाले. चाळीस वर्षं कालव्याच्या लेव्हल घेतलेल्या माणसाला त्या दोन शब्दांत काय दिसत असेल ते मला थोडंफार कळतं.

तिसरा दिवस, रविवार

सकाळी कल्याणपूर. जुन्या पद्धतीनी ही शीट ५४ एच/१२. रस्ता संपला तिथे गाडी ठेवली, पुढे हरभऱ्याची शेतं, बांधाबांधानी. एका शेतात ओला हरभरा भाजत होते, बसा म्हणाले, बसलो. आम्ही कशाला आलोय ते सांगितलं तर त्यांच्यातला एक मुलगा, दहाएक वर्षांचा, चलो मैं ले चलता हूँ म्हणून पुढेच निघाला. ह्या वेळेला मामाही होते. टेकडी फार उंच नाही पण वाट म्हणावी अशी मिळाली नाही, बोरीच्या काट्यांतून आणि सुट्या दगडांवरून तिरकं तिरकं चढलो, मामा काठी टेकत, दर पन्नास पावलांनी थांबत, आम्ही पण थांबत.

वर गवत, जुन्या चिऱ्यांचे दगड, वारा. मामांनी खिशातून ओळंबा काढला, त्यांचा नोकरीतला, पितळी. हात थरथरत होता म्हणून मामेभावानी धरला आणि मामा नुसते बघत राहिले.

ओळंबा कशाला आणला होता ते सांगते, कारण ह्या जागेची सगळ्यात मोठी गोष्ट ओळंब्याचीच आहे. इथून सहाशे किलोमीटर उत्तरेला मुझफ्फरनगरकडे कलियाना नावाचं सर्व्हेचं ठाणं आहे. कल्याणपूर ते कलियाना अंतर दोन प्रकारे काढलं, एकदा जमिनीवरच्या त्रिकोणांनी आणि एकदा ताऱ्यांवरून अक्षांश घेऊन. दोन्ही उत्तरांत ५.२३६ सेकंदांचा फरक आला, जमिनीवर म्हणाल तर १६० मीटर. इतकं काळजीपूर्वक काम आणि १६० मीटर! ताऱ्यांचं मोजमाप ओळंब्यावर अवलंबून असतं आणि हिमालयासारखा ढीग ओळंब्याला आपल्याकडे ओढतो, कलियाना हिमालयाच्या जास्त जवळ, म्हणून तिथे ओढ जास्त. कलकत्त्याचे आर्चडीकन प्रॅट, पाद्री पण गणिती, त्यांनी हिशोब मांडला की हिमालय एवढा मोठा आहे तर फरक १५ सेकंदांच्या वर यायला हवा होता. आला फक्त पाच. मग उरलेली ओढ गेली कुठे? १८५५ मधे इंग्लंडच्या एअरी ह्या खगोलशास्त्रज्ञानी सांगितलं की डोंगराखाली हलक्या खडकाची मुळं खोल गेलेली असतात, लाकूड पाण्यावर तरंगतं तसे डोंगर तरंगतात, म्हणून ओढ कमी. म्हणजे पृथ्वीच्या पोटात काय आहे ते एका चुकलेल्या बेरजेमुळे कळायला लागलं, आणि त्या बेरजेचं एक टोक ह्या बोरीच्या टेकडीवर. मला हे कॉलेजात कोणी सांगितलं असतं तर मी भूगोल सोडला नसता.

फोनवर आकडा बघितला. जुन्या हिशोबात ह्या जागेचा पत्ता २४ अंश ७ मिनिटं ११ सेकंद उत्तर, ७७ अंश ३९ मिनिटं १७ सेकंद पूर्व. फोनमधे अंश जुळले, मिनिटं जुळली, सेकंद नाही, रेखांशात चारेक सेकंद कमी. शून्यावर उभं राहूनसुद्धा दोन शून्यं वेगळीच. मामांना ते दाखवलं तेव्हा ते इतके खूष झाले की त्या मुलाला पण फोन दाखवला.

मग सुरंतल. नुसता एक बिंदू ठोकून भागत नाही, दिशा पण बांधावी लागते, नाहीतर अख्खा नकाशा त्या बिंदूभोवती गरगर फिरेल. ती दिशा सुरंतल नावाच्या ठाण्याकडे बांधलेली आहे, १९० अंश २७ मिनिटं. मी कंपास काढला, उत्तरेपासून १९० मोजले आणि दक्षिणेकडे बघायला लागले, तिकडे आम्ही चढून आलो ती शेतं. मामांना काही पटेना. एव्हरेस्ट उत्तरेला चालला होता, दिशा दक्षिणेला कशी बांधेल? दहा मिनिटं डोकं धरून बसले आणि मग म्हणाले, "अगं, जुन्या सर्व्हेत कोन दक्षिणेपासून मोजायचे." दक्षिणेपासून पश्चिमेकडून फिरत १९०, म्हणजे उत्तरेच्या थोडं उजवीकडे, दहा अंशांवर. तिकडे वळलो. धूसर हवेत एकामागे एक दोन-तीन डोंगरांच्या पाठी, शेवटची जेमतेम. त्यातली सुरंतलची कुठली ते आम्हाला ओळखता आलं नाही. पण त्याच बाजूला तोंड करून कोणीतरी रात्र रात्र जागलं होतं, आणि तिकडे पलीकडे दिवा धरून दुसरं कोणीतरी. इथल्या माणसांपैकी सर्व्हेतले गणिती राधानाथ सिकदारांचं नाव राहिलं, अर्काटच्या सय्यद मीर मोहसीन ह्यांचं राहिलं कारण बिघडलेली यंत्रं तेच दुरुस्त करायचे. दिवे धरणाऱ्या खलाशांची नावं कुठे छापलेली मी अजून वाचली नाहीत. मामांच्या वेळेला पण स्टाफ, म्हणजे लेव्हल घ्यायची आकडे लिहिलेली पट्टी, धरणाऱ्याला खलाशीच म्हणायचे, आणि मामांनी तिथे गवतात बसून त्यांच्या आठही खलाशांची नावं घेतली, क्रमानी, कोण कुठल्या कालव्यावर होतं त्यासकट.

चार वाजायला आले होते. मुलगा केव्हाचा मामांच्या आरश्याकडे बघत होता. मामांनी त्याला नेम धरायचं शिकवलं, भोक, कडं, काळा ठिपका, आणि विचारलं तुझं शेत कुठल्या बाजूला. पूर्वेला होतं, म्हणजे तिथून टेकडी आणि सूर्य दोन्ही समोर, बरोबर जमणार होतं. तो आरसा आणि काठी घेऊन पळाला. काट्यांतून कसा गेला कोण जाणे, आम्हाला चढायला तास लागला होता, तो वीस मिनिटांत खाली. आम्ही पूर्वेच्या कडेला उभे. हिरव्या हरभऱ्यात लाल शर्ट दिसत होता, मग तो थांबला, बराच वेळ काहीच नाही, आणि मग एकदम डोळ्यावर ऊन आलं, इतकं की तिघांनीही हात वर केला. मामांनी वही काढून लिहिलं, ४.२६.

चौथा दिवस, सोमवार

परतीचा दिवस. आरसा आणि काठी तिथेच देऊन आलो. बेरसियामार्गे भोपाळ, मग इंदूर, रात्री साडेनऊला घर. मी पहिल्या दिवशीच्या टेकडीचा आकडा वहीत दुरुस्त केला, दोन्ही पत्ते लिहिले, जुना आणि नवा, आणि शेऱ्यात मामांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं, खूण शाबूत, भेरूजी, पूजा चालू. मावशी वर्ध्याला असते, तिला फोन केलाय, दिवाळीनंतर हिंगणघाट.